राखलेला हात

संकलक, पटकथालेखक, ध्वनीकार आणि फाइटमास्टर मित्रहो,

या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. ज्यांच्या टेबलाशेजारी उभी राहून मी संकलनाचं काम शिकले, त्यांतले बरेच जण आज नाहीत. त्यांना नमस्कार करते आणि बोलायला लागते.

अध्यक्षांनी वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, असं निमंत्रणपत्रात म्हटलं आहे. आढावा थोडक्यात असा, की आपल्याकडे येणारं चित्रण वाढत चाललंय आणि ते बघायला मिळणारा वेळ घटत चाललाय. ३४ वर्षांपूर्वी मी सहायक म्हणून लागले तेव्हा एका मारामारीचे सगळे रशेस एका दुपारी बघून व्हायचे. आता चार-चार कॅमेरे लागतात, हार्डडिस्क भरून चित्रण येतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कच्चा कट मागतात. मानधन, कामाचे तास, श्रेयनामावलीतलं नाव यांवर काल दिवसभर चर्चा झाली, ठरावही मांडले गेले. त्या सगळ्यांना माझा पाठिंबा आहे. आढावा इथे संपला. उरलेला वेळ मला दोन शब्दांसाठी हवा आहे.

ते दोन शब्द म्हणजे 'येथे मारामारी'.

३४ वर्षं पटकथांमध्ये मी हे शब्द वाचत आले. कधी 'येथे घनघोर युद्ध', कधी 'दोघांत तुंबळ द्वंद्व, नायक जिंकतो'. आधीच्या पानावर नायकाने पाण्याचा पेला कोणत्या हातात धरलाय ते लिहिलेलं असतं. नंतरच्या पानावर आईचे डोळे कसे भरून आले ते लिहिलेलं असतं. आणि दोन माणसं जिथे एकमेकांच्या जिवावर उठतात, नेमकं तिथे लेखक पेन खाली ठेवतो. फाइटमास्टर त्याच्या परीने ती जागा भरतो. कॅमेरामन त्याला दिसेल तशी टिपतो. शेवटी माझ्या टेबलावर ढीग येऊन पडतो. त्यात हात असतात, पाय असतात, फुटलेली मडकी असतात, उडालेली धूळ असते. कोण कोणाला का मारतंय, ते मात्र नसतं.

मारामारी लिहावी लागते. हे बोलायला मी फार वर्षं थांबले. माझ्या धंद्यातल्या माणसाने लेखकाला शिकवू नये असा आपल्याकडे संकेत आहे, आणि तो मी पाळला. आज पाळणार नाही.

ज्यांनी मारामारी लिहिली, त्यांचीच उदाहरणं देते. चिनी भाषेत या प्रकाराला 'वूश्या' म्हणतात. 'वू' म्हणजे युद्धकला आणि 'श्या' म्हणजे दिल्या शब्दाला जागणारा वीर. हे वीर दरबारात राहत नाहीत. ते 'जियांगहू'त राहतात. त्या शब्दाचा अर्थ नद्या आणि सरोवरं. कायद्याच्या हद्दीपलीकडचं, स्वतःचे रीतिरिवाज असलेलं ते जग. माणसं तिथे पाण्यावरून चालतात, छपरांवरून उडतात. आपल्याकडे याला अद्भुतरम्य म्हणून बाजूला सारतात. पण त्या अद्भुताच्या मुळाशी काय आहे ते बघा.

हाँगकाँगमध्ये जिन योंग नावाचे लेखक होऊन गेले. १९२४चा जन्म, २०१८मध्ये गेले. १९५९मध्ये त्यांनी 'मिंग पाओ' हे दैनिक काढलं आणि पहिल्या अंकापासून त्यात एक कादंबरी क्रमशः लिहायला घेतली. गरुडवीरांच्या कादंबरीत्रयीतली ती दुसरी. तिचा नायक यांग गुओ. त्याचं आपल्या गुरूवर, श्याओलोंगन्युवर, प्रेम आहे, आणि सगळं जियांगहू त्या प्रेमाच्या विरोधात आहे. पुढे दोघांची ताटातूट होते, तीही १६ वर्षांची. एक हात तुटलेला हा माणूस त्या १६ वर्षांत तळहाताच्या प्रहारांची एक विद्या शोधून काढतो. तिचे १७ डाव आहेत. पण त्यांची ताकद बाहूंत नाही, ती विरहात आहे. मन दुःखाने रिकामं झालेलं असेल, तरच तो प्रहार लागतो.

१६ वर्षांनी ती भेटते. शियांगयांग नगराला मंगोल सैन्याचा वेढा पडलाय. एका मुलीला उंच मचाणावर बांधून ठेवलंय आणि तिला सोडवण्यासाठी यांग गुओ तिथे जाऊन लढतोय. तो आपली विद्या बाहेर काढतो आणि ती चालत नाही. डाव तेच आहेत, हातही तोच आहे, पण माणूस सुखी झालाय. तो हरायला लागतो. मरण समोर दिसतं, आताच भेटलेली ती पुन्हा दुरावणार हे मनात येतं, मन खचतं, आणि त्याच क्षणी हात आपोआप उठतो. प्रहार लागतो.

हे कोणत्याही फाइटमास्टरला सेटवर सुचणार नाही. सुचावं अशी अपेक्षाही धरू नये. हे लेखकाचं काम आहे. रोजच्या वर्तमानपत्रात, अंक छापखान्यात जायची घाई असताना, एका माणसाने ते केलं. वाचक श्वास रोखून वाचतो तो कोण जिंकेल यासाठी नाही. जिंकायचं तर या माणसाला पुन्हा दुःखी व्हावं लागणार, हे त्याला कळलेलं असतं. मारामारीत भावना 'घालायची' कशी, असं काल एका तरुण मित्राने विचारलं. भावना घालायची नसते. भावनेवाचून मारामारी पुढेच सरकणार नाही, अशी तिची रचना करायची असते.

आता आपल्यातल्या जुन्या वादाकडे येते. केबल की जमीन? केबलवर उडणारी माणसं खोटी वाटतात, जमिनीवरची धडपड खरी, असं म्हणणारा एक गट कालही जोरात होता. त्यांना माझ्या आत्याची गोष्ट सांगते.

माझी आत्या कोल्हापूरची. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, पट्टा आणि लाठी शिकवायचे. घराला लागून तालीम. मर्दानी खेळ बघत ती लहानाची मोठी झाली. एकदा तिच्या घरी टीव्हीवर 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' लागला होता, हिंदीत डब केलेला. आंग ली यांचा हा चित्रपट २०००चा. त्याची १० ऑस्कर नामांकनं, ४ पारितोषिकं हे सगळं मला पाठ होतं. आत्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. रात्रीची वेळ, बुरखाधारी चोर तलवार घेऊन छपरांवरून पळतोय, आणि मिशेल यो, म्हणजे शू लिएन, त्याच्या मागे आहे. मी वाट बघत होते, की आत्या आता हसेल, म्हणेल माणसं कुठं अशी उडतात होय. ती म्हणाली, "अगं, ती त्या पोरीला उडू दीना झालीय बघ. सारखं खाली वढतीया."

मी तो चित्रपट तोवर तीनदा पाहिला होता. टेबलावर थांबवून थांबवून पाहिला होता. मला हे दिसलं नव्हतं. चोर म्हणजे जेन, सरदारघराण्यातली, लग्न ठरलेली मुलगी. तिला सगळ्या बंधनांतून सुटायचंय, म्हणून ती सारखी वर जाते. शू लिएन आयुष्यभर जियांगहूचे रिवाज पाळत आलेली. जिच्याशी तिचं लग्न ठरलं होतं तो माणूस मेला, आणि ज्याच्यावर तिचं मन आहे तो लि मुबाई त्या मेलेल्या माणसाचा मानलेला भाऊ. म्हणून वर्षानुवर्षं दोघंही गप्प. ही बाई त्या मुलीच्या पायावर पाय देते, तिला धरते, जमिनीवर आणते. अख्खी कथा त्या पाठलागात आहे. केबल नसती तर हे दाखवता आलं नसतं. वर जाणं शक्य असलं, तरच खाली ओढण्याला अर्थ. तालमीशेजारी वाढलेल्या बाईने ते पहिल्या नजरेत ओळखलं, कारण तिने हाताकडे पाहिलं. माझ्यापुरता हा वाद तिथे मिटला. केबल म्हणजे अंगमेहनत चुकवणं, असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक सांगते. याच चित्रपटाच्या चित्रीकरणात मिशेल यो यांच्या गुडघ्यातला अस्थिबंध फाटला होता.

पुढे अंगणातली लढत येते. तीच शू लिएन, तीच जेन. जेनच्या हातात लि मुबाईची तलवार. तिच्यापुढे शू लिएनचं एकेक हत्यार निकामी होत जातं. जोडतलवारी झाल्या, भाला झाला, आकड्याच्या तलवारी झाल्या. एक अवजड हत्यार तर तिला पेलतच नाही. प्रत्येक वेळी ती नवं हत्यार उचलते. आपण शस्त्रांचं प्रदर्शन बघायला बसतो आणि हळूहळू लक्षात येतं, की ही बाई किती दमली आहे आणि किती रागावली आहे. ज्या मुलीला तिने बहीण मानलं, तिच्या हातात आपल्या माणसाची तलवार आहे. शेवटी मोडक्या तलवारीचं पातं जेनच्या मानेपाशी येतं आणि थांबतं. पुढच्याच क्षणी जेन तिच्या दंडावर वार करते.

त्या थांबण्यासाठी आपल्या भाषेत शब्द आहे. हात राखणं. तालमीत वस्ताद म्हणतात, पोरावर हात राखून टाक. मारता येत असताना न मारणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळतं, की दोन माणसांमधलं नातं मारलेल्या घावात नसतं, न मारलेल्या घावात असतं. प्रत्येक मारामारीत निदान एक राखलेला हात हवा. तो कोणाचा, कोणत्या क्षणी आणि का, एवढं लेखकाने लिहावं. बाकीचं सगळं मास्टरजींवर सोपवावं.

संकलकांना सांगायला हवं, की 'क्राउचिंग टायगर' टिम स्क्वायर्स यांनी जोडला. आंग ली यांचे घरगुती चित्रपट तेच जोडत आले होते, १९९५चा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'सुद्धा. म्हणजे तलवारींवर नाही, संवादांवर चालणारे चित्रपट. एक माणूस बोलत असताना दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कधी जायचं, हे ज्याला कळतं त्याच्या हाती ही लढत गेली, आणि म्हणून ती संभाषणासारखी जोडली गेली. संकलनासाठी त्यांना ऑस्कर नामांकन मिळालं. पारितोषिक मिळालं नाही. मिळायला हवं होतं.

झांग यिमोऊ यांच्या २००२च्या 'हीरो'मध्ये सरोवरावरची लढत आहे. मधल्या मंडपात मॅगी च्युंगचं निष्प्राण शरीर ठेवलंय. पाण्यावर जेट ली आणि टोनी लेउंग लढताहेत. पाण्याचा एक थेंब उडतो आणि तिच्या गालावर पडतो. टोनी लेउंग लढाई अर्धी सोडून, शत्रूकडे पाठ करून जातो आणि तो थेंब पुसतो. पाठीमागे आलेली तलवार वार करत नाही. एका थेंबात दोन माणसं कळतात. या चित्रपटाचे अ‍ॅक्शन दिग्दर्शक चिंग सिउ-तुंग. हेच चिंग सिउ-तुंग २००६मध्ये आपल्या मुंबईच्या 'क्रिश'चे अ‍ॅक्शन दिग्दर्शक होते. माणूस तोच, केबल तीच. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा. 'क्रिश'मध्ये उड्या कमी पडत नाहीत, उडीला कारण कमी पडतं. हा दोष मी फाइटमास्टरांना लावणार नाही. तो कागदाचा आहे.

दुसरा वाद लांब शॉट की तुटक कट हा. यावर मला फार वेळ घालवायचा नाही. किंग हू यांनी 'ए टच ऑफ झेन'मध्ये काही शॉट इतके तुटक ठेवले, की डोळ्याला फक्त झलक मिळते, आणि त्याच चित्रपटात पहिल्या लढतीसाठी सुमारे तासभर थांबायला लावलं. तासभर आपण एका पडक्या वाड्यात वावरतो, तिथल्या माणसांना ओळखू लागतो, त्यांच्या भीतीची सवय होते. मग बांबूच्या बनात माणूस क्षणभर दिसून नाहीसा झाला तरी तो कोण आणि त्याच्या जिवावर काय बेतलंय, हे आपल्याला विचारावं लागत नाही. १९७५मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं. किंग हू यांनी झांजा आणि टिपऱ्यांचा ठेका पेकिंग ऑपेरातून उचलला होता. त्या ऑपेरात 'तीन वाटांचा नाका' अशा अर्थाच्या नावाचा एक खेळ आहे. रंगमंच लख्ख उजळलेला असतो, पण दोन नट मिट्ट काळोखात असल्यासारखे लढतात, चाचपडत, एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर. प्रेक्षकांना दोघं दिसतात, दोघं एकमेकांना दिसत नाहीत. प्रेक्षकाला लढणाऱ्यांचं असं भान देता आलं, तर शॉट लांब ठेवा नाही तर आखूड, मला दोन्ही चालतं. हौ शियाओ-शियन यांच्या २०१५च्या 'द असॅसिन'मध्ये लढती सुरू झाल्या झाल्या संपतात. एका अधिकाऱ्याला मारायला आलेली मारेकरीण त्याला त्याच्या मुलाबरोबर बघते आणि न मारता निघून जाते. पुढचा सगळा चित्रपट या राखलेल्या हातातून निघतो.

आता माझं स्वतःचं सांगते. हे मी आजवर कुठे बोलले नाही.

मी स्वतंत्रपणे काम करायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एक पोशाखी, जादूच्या तलवारींचा चित्रपट माझ्याकडे आला. गुरू-शिष्याचं द्वंद्व होतं. पटकथेत तेच दोन शब्द होते. रशेस बघताना एका टेकच्या शेवटी मला एक गोष्ट सापडली. शिष्याच्या वाराने गुरू पडतो, त्याचं पागोटं धुळीत जातं. इथे शॉट संपायला हवा होता, पण कॅमेरा चालू राहिला. शिष्याचं काम करणारा तरुण नट वाकला, त्याने पागोटं उचललं, झटकलं आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढे धरलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो ज्या घरात वाढला होता तिथे वडीलधाऱ्याचं पागोटं धुळीत ठेवत नसत. म्हाताऱ्या नटाने त्या पागोट्याकडे पाहिलं आणि ते घेतलं नाही. ७२ फ्रेम. ३ सेकंद. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर साडेचार फूट.

तो तुकडा मी मारामारीच्या मधोमध लावला. त्यानंतरचा प्रत्येक वार बदलून गेला. आधी दोन माणसं लढत होती. आता एक शिष्य माफी मागत मारत होता आणि एक गुरू ती माफी नाकारत होता. एक फ्रेमही नव्याने चित्रित करावी लागली नव्हती.

निर्मात्याने तो काढायला लावला. वेग तुटतो, प्रेक्षक शिट्ट्या मारायला आलेत, म्हणाला. दिग्दर्शक गप्प राहिले. मी भांडले, पण माझ्या बाजूने दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. निर्मात्याने पटकथेचं पान पुढे केलं, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, यात कुठे आहे? पानावर होतं, 'येथे मारामारी'. तुकडा मी माझ्याच हाताने कापला. चित्रपटगृहात शिट्ट्या पडल्या. पुढे गुरू मरतो तेव्हा माझ्या रांगेतली माणसं चहाला उठली.

लेखक मित्रहो, तुमच्यावर माझा राग आहे तो यासाठी. तुम्ही लिहीत नाही म्हणून आमच्या हातात पुरावा राहत नाही. सेटवर घडलेली चांगली गोष्टसुद्धा मग कोणाचीच नसते, आणि जी कोणाचीच नसते ती सगळ्यात आधी कापली जाते.

माझी सहायक २५ वर्षांची आहे. २०१९ची 'द अनटेम्ड' ही ५० भागांची चिनी मालिका तिने मला बघायला लावली. तिच्या पिढीतली कितीतरी मुलं-मुली अशा मालिका उपशीर्षकं वाचत रात्र रात्र बघतात, आणि त्या लढती बघून रडतात. त्यांना भावना नको, वेग हवा, असं मला आता कोणी सांगू नये. त्या मालिकेत दोन मित्र आहेत. एकाचं शस्त्र बासरी, दुसऱ्याचं सात तारांचं वाद्य. एका रात्री पाऊस कोसळतोय. बासरीवाला काही अभागी माणसांना घोड्यांवर घेऊन पळून चाललाय. दुसरा छत्री घेऊन वाटेत उभा आहे. त्याने अडवावं असं त्याचं घराणं सांगतं, जग सांगतं. आपण लढाईची वाट बघतो. तो बाजूला होतो आणि जाऊ देतो. माझी सहायक म्हणाली, "मॅडम, पूर्ण सिरियलमधली सगळ्यात मोठी फाइट हीच आहे." मी तिला जे शिकवायला निघाले होते, ते तिला आधीच येत होतं.

या वर्षात काही कामं हाती घ्यावीत अशी माझी इच्छा आहे. नीट लिहिलेल्या लढतींची पानं कुठेतरी एकत्र जमवावीत. आपले जुने फाइटमास्टर आहेत तोवर त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. लेखक, मास्टरजी आणि संकलक चित्रीकरणाआधी चार दिवस एका खोलीत बसतील असं काहीतरी शिबिर व्हावं. जागा आणि पैसा यांचा विचार कार्यकारिणीने करावा, मी लागेल तेवढा वेळ देईन.

त्याआधी एक गोष्ट उद्याच होऊ शकते. सकाळच्या सत्राला येताना प्रत्येक पटकथालेखकाने सध्या हातात असलेली पटकथा बरोबर आणावी. 'येथे मारामारी' असं जिथे लिहिलं असेल, ते पान उघडून ठेवा आणि कोणता हात का राखला गेला, ते तिथेच, आमच्यासमोर लिहा. मी नऊ वाजता पहिल्या रांगेत येऊन बसते.